जळगावसारख्या ठिकाणी हॉस्पिटलात एट्रियल फिब्रिलेशनचा विभाग कसा उभा करावा?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ: हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि आत गुठळी होऊन स्ट्रोक होऊ शकतो. तुमच्याकडे कॅथलॅब (नळी घालून हृदयाचे उपचार करायची खोली) आहे आणि आता एब्लेशनसाठी, म्हणजे चुकीचे ठोके सुटणारी जागा नळीने निकामी करण्यासाठी, ती जागा शोधणारी मॅपिंगची मशीन कोणती घ्यावी, माणसं किती लागतील, असं तुम्ही विचारलंय. मशीनचं शेवटी सांगते, कारण ती शेवटीच घ्यायची असते. आधी एक सिस्टर, एक फोन आणि एक रजिस्टर. ज्या हॉस्पिटलात हे नाही, त्यांनी दारावर एएफ क्लिनिकची पाटी लावू नये.

मी खान्देशातच फिजिशियन आहे. पुस्तकातला एएफचा पेशंट सत्तरीचा, बीपी-शुगरवाला. तो आपल्याकडेही आहेच. पण चाळिशीतल्या बायाही येतात, लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकसलेल्या. त्यांना रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 च्या इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये ऱ्हुमॅटिक एएफच्या पेशंटना रिव्हारॉक्सॅबान ही नवी गोळी देऊन बघितलं, तर जुन्या गोळ्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले. म्हणजे यांना वॉरफरिन नाहीतर अॅसिट्रॉम या जुन्या गोळ्याच, आणि आयएनआर 2 ते 3 च्या मध्ये. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी: आकडा कमी तर गुठळीची भीती, जास्त तर रक्तस्रावाची. तो तिथे टिकवणं हेच खरं काम आहे आणि ते डॉक्टरच्या हातून होत नाही. डॉक्टरला वेळ नसतो.

मी आधी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होते. तिथल्या एका सिस्टरने अशा पेशंटच्या आयएनआरचं रजिस्टर स्वतःहून सुरू केलं. रावेरकडच्या एक मावशी तिच्या यादीत होत्या. आयएनआर चांगला अडीचच्या आसपास चाललेला, जानेवारीत एकदम 1.4 आला. दुसऱ्या कोणी सरळ डोस वाढवून दिला असता. सिस्टरने फोन लावला. मावशी म्हणाल्या, "ताई, एकबी गोयी चुकली नही." मग जेवणाचं विचारलं. भरिताचे दिवस! रोज कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीत-पुरी, आणि आपल्या भरितात कांद्याची पात किती पडते ते तुम्हाला माहीत आहे. पातीत व्हिटॅमिन के भरपूर, म्हणून गोळीचा जोर कमी पडला. डोस कायमचा वाढवला असता तर पात संपल्यावर आयएनआर वर गेला असता आणि रक्तस्रावाची भीती. आम्ही एक जादा गोळी दिली, आठवड्याने परत तपासलं. सिस्टरने भरीत बंद करायला सांगितलं नाही. पालेभाजी दर आठवड्याला साधारण सारखीच खा, एवढंच सांगितलं. मावशींनी ते पाळलं. बंदी घातली असती तर त्यांनी लपून खाल्लं असतं.

हीच सिस्टर लॅबवाल्यांशीही भांडायची. निळ्या झाकणाची बाटली खुणेपर्यंत भरली नाही तर आयएनआर खोटाच जास्त येतो, हे तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवाल्यांना तिने शिकवलं.

पुढे मिटिंगमध्ये विषय निघाला की सिस्टर दिवसभर फोनवर असते, त्याचं बिल निघत नाही. माझं न ऐकता तिला आयसीयूत टाकलं. रजिस्टर कपाटात गेलं. त्याच सुमारास नव्या मशीनचं कोटेशन मागवलं. काही महिन्यांनी यावलकडचा एक पेशंट आला, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. मुलाने फाइल पुढे केली. तिच्यात शेवटचा आयएनआर सिस्टरच्या अक्षरातला होता. त्यानंतर तपासणीच नाही. मी ती फाइल मिटिंगच्या टेबलावर ठेवली, तरी पोस्ट परत मिळाली नाही. मी तिथून निघाले. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच म्हणते.

आता तुमचं. 65 च्या वरच्या प्रत्येक पेशंटची नाडी ओपीडीत हाताने बघा, अनियमित लागली की लगेच ईसीजी. अॅस्पिरिन देऊन एएफचा पेशंट घरी पाठवणं बंद करा. 2011 च्या अॅव्हेरोज ट्रायलमध्ये अॅपिक्सॅबान या नव्या गोळीवर स्ट्रोक अॅस्पिरिनच्या निम्म्याहून कमी झाले, मोठा रक्तस्राव मात्र जवळपास तेवढाच. झडप ठीक असलेल्यांना या नव्या गोळ्या द्या. त्यांना आयएनआर लागत नाही, पण क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लागतं, आणि गोळी बंद केली का हे विचारणारा फोन त्यांनाही लागतोच.

एब्लेशनला माझा विरोध आहे असं समजू नका. एएफचे ठोके बहुतेक वेळा पल्मोनरी व्हेनमधून (फुफ्फुसाकडून हृदयात येणारी रक्तवाहिनी) सुटतात हे बोर्दोच्या हायसाग्वेर यांनी 1998 मध्ये दाखवलं, तेव्हापासून हा उपचार पक्का झालाय. एएफ नवीन असताना लय सांभाळली तर फायदा होतो, हेही 2020 च्या ईस्ट ट्रायलने दाखवलं. पण आकसलेली झडप उघडायला आधी बलून लागतो. आणि एब्लेशननंतर हृदयाभोवती रक्त साचलं तर रात्री दोनला इको करणारा, सुई घालणारा आणि सर्जन, तिघंही गावात हवेत. महिन्यातून एकदा व्हिजिटला येणाऱ्या ईपीवाल्याच्या (एब्लेशन करणारा, ठोक्यांच्या आजारांचा डॉक्टर) भरवशावर हे करू नका. तोवर नाशिक-मुंबईला पाठवा, नंदुरबारकडचे तसेही सुरतला जातात. परत आल्यावर त्यांचीही नोंद ठेवा, कारण एब्लेशन झालं म्हणून गोळी आपोआप सुटत नाही, ते वय, बीपी, शुगर वगैरेवरून काढलेल्या स्ट्रोकच्या स्कोअरवर ठरतं.

मशीन कोणती? तुमचा कायमचा ईपी डॉक्टर ज्या सिस्टिमवर शिकला ती. सिस्टरचा पगार मात्र प्रोजेक्ट रिपोर्टात आजच वेगळ्या ओळीत टाका आणि तिची बदली फिजिशियनच्या सहीशिवाय होणार नाही, हे ट्रस्टींकडून लिहून घ्या.