हातातला कन्सोल आणि गावची लाइन

हातात धरून खेळायच्या कन्सोलबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हचा स्टीम डेक आणि निन्टेंडोचा स्विच यांच्याबद्दल, या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं विदर्भातल्या खेड्यांतली आहेत. प्रश्न थोडक्यात छापतो आहोत, उत्तरांना मात्र लागेल तेवढी जागा दिली आहे.

प्रश्न: भावानं वापरलेला स्टीम डेक दिला, ६४ जीबीचा. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबी. सगळे म्हणतात इंडी गेम घे. कोणते घेऊ? (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाविना एकट्यादुकट्यानं किंवा लहानशा चमूनं केलेला खेळ. तुमच्याकडे निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. खेळ जागा किती घेतो, बॅटरी किती खातो, आणि सेव्ह कधी होतो. यातली तिसरी सहसा कोणी सांगत नाही, पण लाइनचा भरवसा नसलेल्या गावात तीच सगळ्यांत मोठी.

‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बरोन या एकट्या माणसानं केलेला, २०१६ साली आलेला हा शेतीचा खेळ अर्ध्या जीबीच्या आसपास जागा घेतो. यातला एक दिवस सकाळी सहा ते रात्री दोनपर्यंत चालतो आणि तो आपल्या घड्याळातल्या साधारण १४ मिनिटांत संपतो. पण पात्र झोपल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही. दुपारपर्यंत पाणी दिलं, मासे धरले आणि तेवढ्यात बॅटरी मेली, तर तो अख्खा दिवस पुन्हा करावा लागतो. म्हणून बॅटरी १० टक्क्यांवर आली की हातातलं काम टाका, घर गाठा आणि झोपा. दुसरं असं की ऋतू बरोबर २८ दिवसांचा असतो आणि तो पालटला की जुन्या हंगामाचं पीक वाळतं. चार दिवसांत येणारं पार्सनिप २३ तारखेला पेरलं तरी चालतं. फुलकोबीला १२ दिवस लागतात, ती १६ तारखेनंतर लावली की बियाण्याचे पैसे गेले. ज्याच्या घरी वावर आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

लाइनच्या दृष्टीनं सगळ्यांत निर्धास्त खेळ म्हणजे पाळीपाळीनं चालणारे. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा खेळ प्रत्येक खोलीच्या दाराशी सेव्ह होतो, त्यामुळे बंद पडला तर फार तर चालू लढाई पुन्हा लढावी लागते. २०२४ चा ‘बलात्रो’ दीडशे-दोनशे एमबीत मावतो. ‘इन्टू द ब्रीच’ आठ बाय आठ घरांच्या पटावर चालतो, त्यात घाई नावालाही नाही. तिन्हींमध्ये स्टिकचं काम जवळपास नसल्यानं स्टिक झिजत नाही, हा वेगळा फायदा. ‘हॉलो नाइट’ फार सुंदर खेळ आहे, पण तो सुमारे ९ जीबी जागा मागतो आणि बॅटरी संपली तर खेळातल्या ज्या बाकावर शेवटचं बसलात तिथून सुरुवात. तो पहिला घेऊ नका, तिसरा-चौथा घ्या.

कोणताही खेळ घेताना स्टीमवर, म्हणजे डेकच्या ऑनलाइन दुकानात, डेकची खूण बघा. हिरवी असेल तर सरळ चालतो. पिवळी असेल तर चालतो, पण कुठे अक्षर बारीक दिसेल, कुठे कीबोर्ड उघडावा लागेल. पैसे यूपीआयनं भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. नवा खेळ आणला की पहिला दीड तास नीट खेळून बघा आणि तेव्हाच ठरवा.

डाउनलोडसाठी डेकच तालुक्याच्या वायफायवर नेता आला तर उत्तम. नाहीतर कोणाच्या लॅपटॉपवर तुमच्या खात्यात खेळ उतरवून घरी आणा. दोन्हींच्या स्टीममध्ये सेटिंग्ज, मग डाउनलोड्स, आणि तिथे लोकल नेटवर्कवरून फाइल देण्याची सोय चालू करा. दोन्ही यंत्रं एकाच हॉटस्पॉटवर जोडून डेकवर इन्स्टॉल दाबलं की खेळ लॅपटॉपवरून येतो, मोबाइलचा डेटा नाममात्र जातो. इथे एक अडचण हमखास येते. डेक लिनक्सवर चालतो, त्यामुळे खेळाची लिनक्स आवृत्ती असेल तर तो तीच मागतो. ती विंडोजच्या लॅपटॉपवर नसते, मग डाउनलोड निमूटपणे नेटवरून सुरू होतं. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी उघडून प्रोटॉन (विंडोजचे खेळ डेकवर चालवणारी सोय) निवडा. प्रोटॉन स्वतःही एकदा उतरवावा लागतो, ते काम वायफायवर असतानाच उरका. गावात नेट लागत नसेल तर ऑफलाइन मोड लावण्याआधी प्रत्येक खेळ एकदा नेटवर उघडून बघा, नाहीतर घरी आल्यावर तो उघडेलच असं नाही.

पॉवर बँक घेताना ४५ वॅट पीडी (यूएसबी-सीवरून जलद चार्जिंगची पद्धत) लिहिलेली घ्या. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, त्यातले हाती साठेक लागतात. तुमच्या डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे, म्हणजे दीड वेळा भरेल.

प्रश्न: मे महिन्यात डेकचा पंखा गिरणीसारखा ओरडतो आणि खेळ अडखळतो. घराशेजारी जिनिंग आहे. कूलरसमोर बसून खेळलं तर चालेल का? (हिंगणघाटजवळून, जि. वर्धा)

डेकसाठी भोवतालची हवा ० ते ३५ अंश असावी असं बनवणाऱ्या व्हॉल्व्हनंच सांगितलं आहे. निन्टेंडो स्विचसाठी ती ५ ते ३५ अंश आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो. पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो, आणि हवाच तापलेली असली की चिप थंड व्हायला वाव उरत नाही. चिप १०० अंशांवर गेली की डेक स्वतःचा वेग कमी करतो, तेच तुम्हाला दिसणारं अडखळणं. १०५ अंशांना तो बंदच होतो. त्यामुळे यंत्र बिघडलेलं नाही, स्वतःला वाचवतं आहे.

पहिला उपाय फुकटचा आहे. उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चित्रावर जा, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ४० वर आणा आणि टीडीपी मर्यादा (चिपनं किती वीज खायची ती) चालू करून ६ वॅट ठेवा. साध्या चित्रांच्या इंडी खेळांना तेवढं पुरतं. अडखळला तर एक-एक वॅट वाढवा. पंख्याचा आवाज पाच मिनिटांत उतरतो आणि बॅटरीही पाच तासांच्या आसपास जाते. दुपारी चार्जिंगला लावून खेळू नका, चार्ज होतानाची उष्णता वर चढते. टिनाच्या खोलीत तर अजिबातच नाही.

कूलर चालेल, पण समोर नको. ताट्या नुकत्या भिजलेल्या असल्या की हवेबरोबर बारीक तुषार येतात आणि डेकची हवा ओढायची जाळी नेमकी पाठीवर असते. कूलरच्या बाजूला, चार-पाच फुटांवर बसा. तापलेला डेक ओल्या फडक्यात गुंडाळू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि बोर्ड जातो.

जिनिंगमधला कापसाचा तंतू ही तुमच्याकडची खरी अडचण. तो धुळीसारखा उडून जात नाही, पंख्यामागच्या धातूच्या पात्यांवर नमद्यासारखा बसतो. महिन्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून पाठीची जाळी मऊ, कोरड्या ब्रशनं झाडा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारू नका. त्या दाबानं पंखा उलटसुलट गरगरतो, त्याचं बेअरिंग जातं, आणि टाकीतलं पाणीही आत जातं. वर्षाकाठी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पाठ उघडून घ्या, पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवायला लावा आणि मगच हवा मारू द्या. उघडण्याआधी मेमरी कार्ड काढायला विसरू नका. कार्ड आत राहिलं तर पाठ निघताना ते मोडतं.

प्रश्न: स्विच लाइट घ्यावा की साधा स्विच? मैत्रिणीच्या स्विचमध्ये पात्र आपोआप डावीकडे चालतं, त्याचं काय? (साकोली, जि. भंडारा)

साधा घ्या. कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आपोआप चालण्याला ड्रिफ्ट म्हणतात. जॉयकॉनच्या, म्हणजे स्विचच्या बाजूंना लागणाऱ्या कंट्रोलरच्या, स्टिकखाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची बारीक जीभ घासत फिरते. पट्टी झिजली, कार्बनचा भुगा साचला किंवा धूळ गेली की स्टिक मधोमध असूनही यंत्राला ती ढकललेली वाटते. आधी सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स उघडून स्टिक कॅलिब्रेट करा. मग स्टिकच्या बुडाशी असलेली रबराची टोपी उचलून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, स्टिक मिनिटभर गोल फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. एवढ्यानं काही आठवडे निभतं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल मात्र सोडू नका, त्यात भुगा चिकटून बसतो.

कायमचा इलाज म्हणजे हॉल इफेक्ट स्टिक. तिच्यात घासणं नाही, लोहचुंबक फिरतं आणि सेन्सर ते दुरून वाचतो. बदलायला तीन पात्यांचा वाय स्क्रूड्रायव्हर आणि बारीक प्लस लागतो. मागचे चार वाय स्क्रू काढा, झाकण पुस्तकासारखं हळू उघडा, बॅटरी सोडवा, मधल्या चौकटीचे प्लस स्क्रू काढा. मग स्टिकच्या चपट्या पट्टीची कुंडी नखानं वर करा, पट्टी ओढा आणि स्टिकचे दोन स्क्रू काढा. बहुतेक जण त्या कुंडीपाशी चुकतात. ती ओढायची नसते, दारासारखी उभी करायची असते. ओढली की तुटते आणि मग सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही. नवी स्टिक बसवल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा.

स्विच लाइटमध्ये स्टिक कन्सोलच्या पोटात आहे. त्यासाठी अख्खं यंत्र उघडावं लागतं आणि दुरुस्ती होईपर्यंत खेळ बंद. साध्या स्विचचा जॉयकॉन काढून दुरुस्तीला द्या, तोवर दुसऱ्या कंट्रोलरवर खेळा. आपल्याकडे स्विच बाहेरून आणून विकला जातो, त्यामुळे कंपनीची वॉरंटी धरून चालू नका. वापरलेला घेताना दोन्ही स्टिक कॅलिब्रेशनच्या पडद्यावर गोल फिरवून, सोडून, ठिपका मधोमध परततो का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: दोन पोट्टे आहेत, डेक टीव्हीला लावून दोघांना खेळायचं आहे. कंट्रोलर कोणते? (मेहकर, जि. बुलडाणा)

डेकला एकच यूएसबी-सी तोंड आहे, म्हणून आधी एचडीएमआय आणि पीडी चार्जिंग दोन्ही असलेला हब, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी डबी, घ्या. नुसतं एचडीएमआय असलेला घेतला तर खेळताना बॅटरी उतरत जाईल.

कंट्रोलर निवडताना सेलवर चालणारा बघा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलच्या दोन जोड्या ठेवा, एक आत आणि एक चार्जरमध्ये, म्हणजे लाइनची वाट बघत बसावं लागत नाही. घड्याळात टाकतो ते झिंक-कार्बन सेल यात घालू नका, लवकर बसतात आणि पाझरतातही. जुना एक्सबॉक्स वन कंट्रोलर घेत असाल तर मधल्या बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते वरच्या खांद्याच्या बटणांसारखं चकचकीत, वेगळा तुकडा जोडलेलं असेल तर त्यात ब्लूटूथ नाही. पुढच्या भागाशी एकसंध असेल तर आहे.

उड्या मारायच्या खेळांना, म्हणजे ‘सेलेस्ट’ किंवा ‘शॉव्हेल नाइट’ला, एटबिटडू प्रो २ जास्त हाताला बसतो, कारण त्याचं अधिक चिन्हासारखं बटण तिरकं चुकून दाबलं जात नाही. त्याचीही बॅटरी काढून पेन्सिल सेल घालता येतात. पाठीवरचं सरकतं बटण एक्सवर ठेवूनच डेकशी जोडा, स्विचसाठी एसवर.

टीव्हीवर बटण उशिरा लागल्यासारखं वाटलं तर कंट्रोलरला दोष देण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. बहुतेक वेळा उशीर तिथेच असतो. दोघांसाठी ‘स्टारड्यू’ पडदा दुभागून खेळता येतो.

प्रश्न: मुलगी सातवीत, मराठी शाळेत. इंग्रजी वाचायला अडते. तिला जमेल असं काही? (कुरखेडा, जि. गडचिरोली)

‘ग्रिस’ द्या, त्यात वाचायला जवळजवळ काही नाही. ‘अनपॅकिंग’मध्ये खोक्यांतून सामान काढून घरात लावायचं असतं, तोही बिनशब्दांचा म्हणता येईल. पण आमची खरी शिफारस ‘बाबा इज यू’ची. यात नियम हेच ढकलायचे ठोकळे आहेत. ‘वॉल’, ‘इज’, ‘स्टॉप’ असे तीन ठोकळे ओळीत असतात तोवर भिंत अडवते. मधला ठोकळा बाजूला ढकलला की त्याच भिंतीतून चालत जाता येतं. ‘रॉक’, ‘इज’, ‘पुश’ जुळवलं की दगड ढकलता येतो. शब्द सोपे आहेत आणि शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर घडतो. कोडी पुढे फार अवघड होतात, तेव्हा अडलं तर सोबत बसा. घाई नाही, वेळेचं बंधन नाही, आणि चुकलं तर एक बटण दाबून मागे येता येतं.