लाकडी दस्त्याच्या, निळ्या-काळ्या पोलादाच्या जुन्या शिकारी रायफलींचं लोकांना एवढं कौतुक का वाटतं?

तुमचा प्रश्न असा आहे की, प्लॅस्टिकचा दस्ता आणि स्टेनलेस स्टीलची नळी असलेली आजची रायफल हलकी, स्वस्त आणि पावसापाण्याला न जुमानणारी असताना लोक अक्रोडी दस्त्याच्या जुन्या रायफलींमागे वेडे का होतात. हे नुसतं ‘जुनं ते सोनं’ आहे का? शिवाय आजोबांची तशी एक रायफल तुमच्याकडे आली आहे, तिचा रंग जागोजागी उडालाय, तर ती नव्यासारखी करून घ्यावी का?

आधी कबुली देऊन टाकतो. नुसत्या उपयोगाचं बोलायचं तर प्लॅस्टिक जिंकतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. फुगलेला दस्ता नळीला एका अंगाने रेटायला लागला की काल जिथे गोळी लागत होती तिथे आज लागत नाही. फायबरग्लासच्या दस्त्याला हे दुखणंच नाही. आठवडाभर पावसात डोंगर तुडवायचे असतील तर मीही तोच उचलीन. पण मी शिकारी नाही. कागदी लक्ष्यांवर नेमबाजी करतो आणि उरलेला वेळ सुतारकामात घालवतो. त्यामुळे हे उत्तर नेमबाजाचं कमी आणि हौशी सुताराचं जास्त आहे.

सुताराची नजर आधी सांध्यावर जाते. चांगली जुनी रायफल हातात आली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, उघडून ती रिकामी आहे ना ते बघायचं, आणि मग लाकूड आणि पोलाद जिथे भेटतात ती रेघ बघायची. दस्त्यावरची लाट, कोरीवकाम, चांदीच्या पट्ट्या सगळं नंतर. विशेषतः बोल्टच्या मागे पोलादाची जी निमुळती शेपटी लाकडात उतरते, तिच्याभोवती. यातलं लाकूड हवामानाप्रमाणे हलणारं, पोलाद जागचं न हलणारं, आणि दोघांच्या मध्ये केसाइतकीही फट नाही. असं कसं जमतं, हे मला खूप दिवस कोडं होतं.

मग एकदा दस्ते घडवणाऱ्या एका कारागिराच्या बाकापाशी बसायला मिळालं. त्याने दिव्याची काजळी तेलात कालवली आणि ब्रशने पोलादी भागांना पुसटशी लावली. ते भाग अर्धवट कोरलेल्या लाकडात बसवले, लाकडी हातोडीने वरून दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि सगळं पुन्हा उचलून घेतलं. आत चार-पाच काळे ठिपके उमटले होते. म्हणजे तिथे तिथे पोलाद अडतंय. पटाशीने त्याने ते ठिपके खरवडले, पण किती, तर जेमतेम काजळी निघण्यापुरते. पुन्हा काजळी, पुन्हा टिचक्या, पुन्हा ठिपके. पहिल्या तासातच मी मोजणं सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत तो भाग आणखी दोन-तीन मिलिमीटर खाली उतरला असेल. तळाला सगळीकडे एकसारखी काळी झाक उमटली की काम झालं. पटाशी एका जागी जरा जास्त चालली तर ती फट जन्मभर दिसणार.

आणि हा नुसता देखणेपणा नाही. बाराचा धक्का लाकडाला पोहोचतो तो रिसीव्हरखालच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घराखालच्या, एका छोट्याशा पोलादी ठोकळ्यातून. त्याच्या मागची लाकडाची भिंत त्याला पूर्ण टेकलेली नसेल तर धक्का एखाद्या कोपऱ्यावर येतो आणि दस्ता तडकायला लागतो.

आता लाकूड. अक्रोडच का, तर तो वजनाच्या मानाने चिवट असतो, धक्का सोसतो, नीट मुरलेला असला की फारसा वाकत-फुगत नाही आणि बारीक कोरीवकाम धरून ठेवतो. युरोप-आशियातला अक्रोड आणि अमेरिकेतला काळा अक्रोड अशा दोन जाती प्रामुख्याने वापरात आहेत. पहिला जास्त बारीक पोताचा. बुंध्याच्या मुळालगतचं किंवा फांदी फुटते त्या बेचक्यातलं लाकूड सगळ्यात नक्षीदार निघतं. पण शहाणा कारागीर ती नक्षी खांद्याकडच्या रुंद भागात ठेवतो. मूठ जिथे निमुळती होते तिथे लाकडाच्या रेषा मुठीच्या दिशेनेच सरळ वाहत गेलेल्या हव्यात, कारण दस्ता मोडतो तो तिथेच. मुठीत रेषा आडव्या गेलेला झगमगीत दस्ता कुणी कौतुकाने दाखवला की मी मान डोलावतो, पण मनातून तो मला पसंत नसतो.

पोलादाचा निळा-काळा रंग हा तर मला या सगळ्यातला सर्वात गमतीचा भाग वाटतो, कारण तो रंग नाहीच. तो गंज आहे. तांबडा गंज भुरभुरीत, सुटा असतो आणि खालचं लोखंड खात जातो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो. ब्लूइंगच्या, म्हणजे हा काळा थर चढवण्याच्या, जुन्या पद्धतीत पोलाद घासून लखलखीत करतात, तेलाचा अंशही राहू देत नाहीत, मग आम्लाचं सौम्य द्रावण पुसून दमट पेटीत ठेवतात. काही तासांनी त्यावर तांबूस लव चढते. मग नळी स्वच्छ पाण्यात उकळायची. ती तांबडी लव डोळ्यांदेखत मखमली काळी होते. वरची सुटी पूड तारेच्या मऊ ब्रशने झाडून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे सहा, आठ, कधी त्याहून जास्त फेरे. शेवटी जो रंग येतो तो कावळ्याच्या पंखावर तिरपं ऊन पडल्यासारखा दिसतो.

कारखान्यांनी नंतर गरम क्षारांची झटपट पद्धत उचलली. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचं सुमारे 140 अंश सेल्सिअसला उकळणारं द्रावण, त्यात अर्ध्या तासाच्या आसपास काम. तीही वाईट नाही. खाली पॉलिश चांगलं असेल तर आरशासारखी दिसते. पण दुनाळी बंदुकीला ती चालत नाही, कारण दोन नळ्या जोडणारा शिसं-कथलाचा डाख ते द्रावण खाऊन टाकतं. म्हणून दुनाळीसाठी अजूनही गंजवण्या-उकळण्याचीच पद्धत वापरतात.

हा रंग म्हणजे गंजच, हे ज्ञान मला महागात पडून मिळालेलं आहे. माझ्या मामांच्या रायफलीच्या नळीवर नाण्याएवढा तांबडा डाग होता. ते बाहेर गेलेले असताना मी हुशारी करून त्यावर व्हिनेगरचा बोळा ठेवला. दहा मिनिटांनी उचलला तर डाग गायब, आणि त्याच्याबरोबर भोवतीचा निळा रंगही गायब. खाली नागडं करडं पोलाद. तांबडा गंज काय नि काळा गंज काय, आम्लाला दोन्ही सारखेच. मामा परत आले, त्यांनी नळी उजेडात धरून बघितली, काही बोलले नाहीत. फक्त तेलाचा कपडा माझ्या हातात दिला.

इतिहासात फार शिरत नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ‘64 च्या आधीची’ हे शब्द कुणी उच्चारले की तुम्ही गोंधळाल. आज जिला आपण अभिजात शिकारी रायफल म्हणतो तिच्यातल्या बहुतेकींची आजी म्हणजे 1898 ची जर्मन माउझर रायफल. तिच्या बोल्टवर एक लांब पोलादी नखी असते. काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यातून, वर येतानाच ती त्याची कड पकडते आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. 1936 मध्ये आलेल्या, विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या मॉडेल 70 ने ती नखी ठेवली होती. 1964 मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने ती काढली आणि दस्त्यावरची जाळीही हाताने कोरण्याऐवजी साच्याने दाबून उमटवायला घेतली. हाताच्या कामात इंचाला वीस-बावीस रेषा दोन्ही तिरप्या दिशांनी कोरतात आणि मध्ये अणकुचीदार चौकटी वर उभ्या राहतात. ओल्या तळव्यालाही पकड मिळते. दाबलेल्या जाळीत त्याच चौकटी उलट्या, खड्ड्यासारख्या होत्या. ग्राहक भडकले आणि ते भडकणं आजतागायत जुन्या मॉडेलच्या किमतीत दिसतं. नंतरच्या रायफली नेमाला कमी होत्या असं मात्र मुळीच नाही, हे त्या भडकलेल्या मंडळींना पटवणं अवघड आहे. 1990 च्या दशकात कंपनीने नखी परत आणली.

कॉर्बेट तुम्ही वाचलेलाच असणार. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला जी रायफल भेट मिळाली ती याच कुळातली, माउझरच्या ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि रिसीव्हरच्या यंत्रणेवर, लंडनच्या रिग्बी या बंदुका घडवणाऱ्या कंपनीने बांधलेली .275. हे .275 म्हणजे मूळचं सात मिलिमीटरचं माउझर काडतूस, फक्त इंचांत बोललेलं. दस्त्यावर चांदीची लहानशी पट्टी आहे आणि भेटीचं कारण तिच्यावर कोरलेलं आहे. बाकी ती साधी, कामाची रायफल आहे. मला हा साधेपणा सोन्याच्या तारा ठोकलेल्या प्रदर्शनी रायफलींपेक्षा जास्त आवडतो.

आता तुमच्या आजोबांच्या रायफलीचं.

नव्यासारखी करू नका, निदान लगेच तरी नको. पुन्हा ब्लूइंग करण्याआधी पोलाद घासावं लागतं. घाईच्या हातांनी ते बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. हे एकदा झालं की परत येत नाही. पोलादात खोल खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा जाणत्या माणसाकडे द्या. नाहीतर रंग कुठे उडालाय ते आधी नीट बघा. तोल साधणाऱ्या जागी, मॅगझिनच्या आसपास, पोलाद चांदीसारखं झालं असेल तर आजोबा ती एका हातात आडवी धरून चालत असत. बोल्टची मूठ पांढरी पडली असेल तर ती नुसती भिंतीवर टांगलेली नव्हती.

लाकडाला सँडपेपर तर अजिबात लावू नका. नव्या दस्त्यात लाकूड पोलादापेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. घासलात तर ते खाली जातं आणि मघाशी सांगितलेली ती रेघ कायमची बिघडते. जुना दस्ता घासलेला आहे की नाही हे मी बोट फिरवूनच ओळखतो. पोलादाची कड बोटाला लागली की समजायचं. खोचे पडले असतील तर ओला कपडा ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवा, दबलेले तंतू वाफेने फुगून बऱ्यापैकी वर येतात. एवढंच की मूळचा वरचा थर लाखेचा असेल तर तो वाफेने पांढरट पडू शकतो, तेव्हा आधी कुठेतरी लपलेल्या कोपऱ्यात करून बघा. तेलाचा दस्ता असेल तर जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने गरम होईपर्यंत चोळा, जास्तीचं पुसून घ्या. ती तेलाची चिंधी मात्र गोळा करून टोपलीत टाकू नका, ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पोलादाला हात लागला की दर वेळी तेलाचा कपडा फिरवा, घामातलं मीठ एका रात्रीत ठसे उठवतं. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. उभी ठेवाल तर नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्यात मुरणार नाही. आणि तिने बार काढण्याचा विचार असेल तर त्याआधी जाणत्या कारागिराकडून बोल्ट आणि नळी तपासून घ्या, दिसायला कितीही धडधाकट असली तरी.

मामांची ती रायफल आता माझ्याकडे आहे. तो करडा डाग मी तसाच ठेवलाय.