चाळीस माणसं बघत होती

"मॅडम, माझे हात कापत्यात आणि मग ड्रोन पण कापतो. सगळ्यांना कळतं."

हे सांगताना ताईंनी दोन्ही अंगठे पदराच्या टोकात गुंडाळून धरले होते. वय पस्तिशीच्या आसपास. सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातलं गाव, शिक्षण बारावी, गावातल्या बचत गटाच्या सचिव. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून हे लिहिते आहे.

चारचौघांत काही करायचं म्हटलं की हातपाय गळतात, लोक बघतात, काय करू? ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कुणाला चाळिशीत स्कूटर शिकायची असते, कुणाला सोसायटीच्या सभेत बोलायचं असतं. अलीकडे ड्रोनची भर पडली आहे. लग्नाचं शूटिंग करणारी मुलं, हौसेनं छोटा कॅमेरा-ड्रोन घेतलेली नोकरदार माणसं आणि गावागावांतल्या ड्रोन दीदी. ताईंची गोष्ट यासाठी निवडली की मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले ते एक वाक्य त्यांच्यापुढे टिकलं नाही.

केंद्र सरकारची नमो ड्रोन दीदी योजना २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली. महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन घ्यायला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते. उरलेले पैसे गटानं उभे करायचे. गटातल्या एकीला १५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, ५ दिवस उडवण्याचं आणि १० दिवस खतं-औषधांच्या फवारणीचं. घरातलं एक माणूस मदतनीस म्हणून तयार होतं. ताईंच्या बाबतीत ते त्यांचे मिस्टर. उसाच्या भागात या यंत्राची गरज खरी आहे. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे पानांनी अंग कापून घेणं आणि औषध नाकातोंडात घेणं.

प्रशिक्षणात ताई चांगल्या होत्या. गावी आल्यावर ऑगस्टमध्ये पहिली फवारणी ठरली आणि बघायला अर्धी वाडी जमली. ताईंनी ड्रोन उचलला, सरीच्या शेवटापर्यंत नेला. तिथं वळवताना त्याचं तोंड त्यांच्याकडे झालं. ज्यांनी ड्रोन उडवलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, यंत्राचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं. आपण रिमोटवरची स्टिक उजवीकडे ढकलली की तो आपल्या डावीकडे जातो. प्रशिक्षणात हे पन्नासदा घोटून घेतलेलं. पण नेमकं तेव्हा मागून एक म्हातारबा म्हणाले, "बाईमाणसाला जमतंय व्हय हे?" ताईंनी स्टिक जोरात दाबली, ड्रोन उलट्या दिशेला गेला आणि उसात बसला. एक पंखा मोडला. कुणालाही काही लागलं नाही. पण एका पोरानं मोबाइलवर सगळं घेतलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं.

पंखा आठवड्यात बदलून आला. ड्रोन मात्र चार महिने पेटीत राहिला. कुणी विचारलं तर मिस्टर सांगायचे, बॅटरीचा प्रॉब्लेम आहे.

पहिल्या भेटीत मी त्यांना माझं नेहमीचं सांगितलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी केलेला प्रयोग आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. तर ताई, आपल्याला वाटतं तितकं लोकांचं आपल्याकडे लक्ष नसतं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्याकडं खरंच चाळीस माणसं बघत हुती. मी मोजली."

त्यांचं बरोबर होतं. टी-शर्ट घातलेल्या मुलाकडे कुणी बघायला आलेलं नसतं. ड्रोन उडताना लोक बघायलाच येतात. तो भुंग्यासारखा घोंगावतो, लहान पोरं धावत येतात, म्हातारी माणसं काम टाकून बांधावर उभी राहतात. अशा माणसाला 'कुणी बघत नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं. मग तो आपलं पुढचं काहीच ऐकत नाही.

पण त्यांच्या उत्तरातल्या दुसऱ्या वाक्यानं मला धागा दिला. मी विचारलं, "मोजली कधी?"

त्या थांबल्या. "उडवताना."

टाकी भरली की वीस-पंचवीस किलोच्या घरात जाणारं यंत्र हवेत, आणि ते उडवणारी बाई मागं उभी असलेली माणसं मोजत होती. मोडलेल्या पंख्याचं कारण तिथं होतं. म्हातारबांचं बोलणं हे निमित्त.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. चारचौघांत घाबरणाऱ्या माणसाचं लक्ष कामावरून उठतं आणि स्वतःवर येऊन बसतं. आपण बाहेरून कसे दिसत असू, याचं एक चित्र तो मनात काढतो आणि त्या चित्रालाच पुरावा मानतो. मी ताईंना विचारलं, त्या दिवशीच्या तुम्ही तुम्हाला कशा दिसता? त्यांनी लगेच सांगितलं. शेताच्या मधोमध एकटी बाई, चेहरा लालबुंद, हात लटलट कापतायत, सगळे हसतायत. मी म्हटलं, आपण तो व्हिडिओ बघू या का?

तेव्हा कळलं की चार महिने ज्याच्यामुळे घराबाहेर पडणं जड झालं होतं, तो व्हिडिओ ताईंनी शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. सुरू करायचा आणि बंद करायचा.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी तो पाहिला. आधी मी त्यांना कागदावर लिहायला सांगितलं, काय काय दिसेल ते. मग लावला. जेमतेम मिनिटभराचा. पोरानं कॅमेरा आभाळाकडे धरलेला. ड्रोन, ऊस, परत ड्रोन. ताई दिसतात त्या तीन-चार सेकंद, पाठमोऱ्या, डोक्यावर टोपी. हात दिसतच नाहीत. ड्रोन खाली गेल्यावर "आरं आरं आरं" असा आवाज येतो आणि कुणीतरी म्हणतं, "लागलं का बघा कुणाला." हसण्याचा एक आवाज आहे, लहान मुलाचा.

ताईंनी तो चारदा लावला. मग म्हणाल्या, "ही सगळी वर बघत्यात."

माणसं बघत होती हे खरंच. पण ती ड्रोन बघत होती. हे मी सांगितलं असतं तर सल्ला झाला असता. ताईंनी ते स्वतः पाहिलं.

आता हात. ताई थरथर लपवायला अंगठे स्टिकवर गच्च दाबायच्या, आणि दाबल्यामुळेच ड्रोनला हिसके बसायचे. थरथर लपवण्याचा खटाटोप थरथरीपेक्षा जास्त नुकसान करतो, मग ते स्टेजवर कागद घट्ट धरणं असो की पाहुण्यांपुढे कपबशी. मी त्यांना म्हटलं, कापू देत. तुमच्या यंत्रात स्टिक सोडली तर काय होतं? त्या म्हणाल्या, "जीपीएस असला की जागच्या जागी थांबतो." मग आपण तेच ठरवलं. मन बिथरलं की दोन्ही अंगठे उचलायचे. ड्रोन थांबेल. त्याचं तोंड कुठं आहे ते मोठ्यानं म्हणायचं, 'तोंड माझ्याकडं' किंवा 'तोंड पुढं', आणि मगच स्टिकला हात लावायचा. मोठ्यानं म्हणण्यावर माझा आग्रह होता. तोंडानं कामाचा शब्द म्हणत असताना माणसं मोजता येत नाहीत.

धीर देण्याआधी सराव वाढवायचा, हेही मी त्यांना सांगितलं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये दाखवून दिलं की बघणारे असले की अंगवळणी पडलेलं काम जास्त चांगलं होतं आणि नवं, कच्चं काम जास्त बिघडतं. पंधरा दिवसांत शिकलेलं आणि चार महिने पेटीत ठेवलेलं कौशल्य कच्चंच म्हणायचं. ताईंना वाटत होतं, आपल्यात आत्मविश्वास नाही. मला वाटतं त्यांच्यात तास कमी होते. मग सकाळी सहाला, वारा नसताना, मोकळ्या रानात, टाकीत नुसतं पाणी घालून उडवणं सुरू झालं. बॅटरी काही मिनिटांतच उतरते, त्यामुळे एका सकाळी दोन-तीन फेऱ्या. तोंड आपल्याकडे करून उडवणं मुद्दाम जास्त वेळा.

मिस्टरांशीही एकदा बोलले. भला माणूस. पण तो शेजारी उभा राहून "डावीकडं घे, डावीकडं" करायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, आणि त्यामुळे ताईंना वाटायचं की तो नसेल तर आपलं काही खरं नाही. मी त्यांना जागा बदलायला सांगितली. त्यांनी शेताच्या कडेला कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची रेघ मारायची आणि लोकांना रेघेमागे ठेवायचं. एवढंच काम. फिरत्या पंख्यांपासून आणि औषधाच्या तुषारांपासून माणसं लांब ठेवणं तसंही आवश्यकच असतं. ताईंची पाठ आता मोकळी झाली.

एक गाठ मात्र व्हिडिओनं सुटली नव्हती. ड्रोन गटाचा होता. हप्ता गटाच्या डोक्यावर. ताईंना लाज चुकल्याची कमी आणि दहा जणींचे पैसे बुडवल्याची जास्त वाटत होती. ही लाज खोटी नाही, ती समजूत घालून जाणार नाही, तिला बोलूनच वाट करून द्यावी लागते. ताईंनी महिन्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की बॅटरीचा प्रॉब्लेम नव्हता, मला भीती वाटत होती. खोली गप्प झाली. मग गटातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "पहिल्यांदा बँकेत गेलते तवा सही करताना माझं पेन हातातनं पडलं हुतं. तू पंखा मोडलास, तो बदलून तरी येतो." हे ताईंनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. पुढची उड्डाणं या दहा जणींसमोर झाली.

लोकांच्या प्रश्नांचीही तयारी केली. बघणाऱ्यांची शंका दर वेळी टोमणा नसते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते, रात्ररात्र जागले होते. अशा वेळी "ह्यातनं आमच्या घरातलं दिसतं का?" असं एखादी बाई विचारते, तेव्हा ती घाबरलेली असते. "औषध माझ्या भाजीवर उडंल का?" हा शेजाऱ्याचा प्रश्न तर रास्तच आहे. ताईंनी प्रत्येकाचं दोन वाक्यांचं उत्तर स्वतःच्या शब्दांत बसवलं. आणि एक नियम केला, ड्रोन हवेत असताना कुणालाही उत्तर नाही, खाली उतरला की सगळ्यांना.

हौसेनं कॅमेरा-ड्रोन उडवणाऱ्यांनाही मी हेच सांगते. त्यांच्या संकोचातला निम्मा भाग लाजेचा असतो, निम्मा 'आपण काही चुकीचं तर करत नाही ना' या टोचणीचा. दुसऱ्या भागावर उपाय माहितीचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. जागा आधी नकाशावर बघा, लोकांच्या खिडक्या-गच्च्यांवर रेंगाळू नका, विचारायला आलेल्याला स्क्रीन दाखवा. दोन पोरांनी मला येऊन सांगितलं आहे की स्क्रीन दाखवल्यावर भांडायला आलेला माणूस स्वतःचं घर शोधायला लागला.

आणि ज्यांना ही भीती एका कामापुरती नसते, दुकानात बोलणं, फोन उचलणं, चारजणांत जेवणंही जड जातं, त्यांनी एवढ्यावर थांबू नये. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

फेब्रुवारीत ताईंनी पुन्हा लोकांसमोर फवारणी केली, दीड एकर. त्यानंतरच्या भेटीत मी विचारलं, हात कापले का? "सुरवातीला कापले. मग इसरले." आणि माणसं किती होती?

त्या जरा विचारात पडल्या. "असतील पंधरा-इस. न्हाई बगा ध्यानात."

मग त्यांनी उरलेला अर्धा तास मला एका नोझलबद्दल सांगितलं. ते मधेच तुंबतं, टाचणीनं साफ करायचं नसतं, भोक मोठं होतं, आणि मिस्टर ऐकत नाहीत.