कॅलिफोर्नियात नॉन-कॉम्पीटच्या कलमाला घाबरून चांगली नोकरी सोडून द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही २०२२ पासून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये राहून टेक्सासमधल्या डॅलसच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करता, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात. नोकरी सोडल्यावर वर्षभर त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही (हेच ते नॉन-कॉम्पीट), वाद झाला तर टेक्सासचा कायदा आणि डॅलसचं कोर्ट, असं करारात लिहिलंय. आता सांता क्लारातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे आणि तुमच्या एचआरने कोर्टात जाण्याची भाषा केली आहे.

ऑफर घ्या. पण कशी घ्यायची हे नीट समजून घ्या, कारण कायदा तुमच्या बाजूने असला तरी काही गोष्टी तुम्हालाच आणि वेळेत कराव्या लागतात.

मी सॅन होजेत नोकरीविषयक खटले चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. कंपन्यांची अशी धमकीची पत्रं घेऊन येणारे आपले लोक मी सतत बघते. त्यातले कितीतरी जण असल्या एका कलमाच्या धाकाने वर्षानुवर्षं कमी पगारात अडकून पडलेले असतात. या राज्यात ते कलम मुळात रद्दबातल आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक संहितेत कलम १६६०० आहे. कोणालाही कायदेशीर पेशा, धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते म्हणतं. हे सिलिकॉन व्हॅलीसाठी केलेलं कलम नव्हे. हा नियम १८७२ पासून चालत आला आहे. डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलाने न्यूयॉर्कसाठी दिवाणी संहितेचा मसुदा केला होता. न्यूयॉर्कने तो स्वीकारलाच नाही, कॅलिफोर्नियाने स्वीकारला. आणि त्याच मसुद्यातली ही तरतूद त्याच वर्षी भारतीय करार कायद्यात कलम २७ म्हणून आली! म्हणजे पुण्यात किंवा मुंबईत तुम्ही नोकरी करत असता तरी मूळ नियम हाच होता. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण आठवत असेल तर बघा. त्याचं व्यवस्थापन सांभाळणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपला होता, तरी त्यानंतरही त्याने दुसऱ्या कोणाशी व्यवहार करण्याआधी आपल्याकडेच यावं, असा कंपनीचा आग्रह होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २७ दाखवून तो मान्य केला नाही.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल २००८ चा, एडवर्ड्स विरुद्ध आर्थर अँडरसन ही हिशेब तपासनीस कंपनी. एडवर्ड्स हे अँडरसनच्या लॉस एंजेलिस ऑफिसात कर विभागात होते. नोकरी लागताना त्यांनी सही केली होती की सोडल्यावर दीड वर्ष, ज्या ग्राहकांचं काम केलंय त्यांच्यासाठी तसंच काम करणार नाही. एन्रॉन प्रकरणात अँडरसन बुडाली आणि त्यांच्या विभागाचा काही भाग एचएसबीसीच्या एका कंपनीने घेतला. अँडरसनने नवी कागदपत्रं पुढे केली, एडवर्ड्स यांनी सही नाकारली, आणि जुनी नोकरी गेली, नवी ऑफरही गेली. केंद्रीय न्यायालयांनी तोवर एक पळवाट तयार केली होती: बंदी अगदी मर्यादित असेल तर चालेल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती साफ नाकारली. बंदी छोटी आहे की मोठी, हा प्रश्नच इथे उरत नाही. टेक्सासमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला जातो: मुदत, प्रदेश आणि कामाची व्याप्ती वाजवी आहे का? आणि नसेल तर कोर्ट ते कलम दुरुस्त करून लागू करू शकतं. तुमच्या कंपनीने डॅलसचं कोर्ट का लिहून घेतलंय, ते यावरून लक्षात येईल.

यानंतर विधिमंडळाने दोन कायदे केले आणि दोन्ही १ जानेवारी २०२४ पासून लागू आहेत. पहिल्यानुसार असा करार कुठेही आणि केव्हाही झाला असला तरी तो इथे लागू करता येत नाही. लागू करण्याचा प्रयत्न करणं हाच मुळी कायदाभंग, आणि त्यासाठी कर्मचारी स्वतः दावा लावून नुकसानभरपाई व वकिलाचा खर्च मागू शकतो. दुसऱ्या कायद्यानुसार कंपन्यांनी १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत प्रत्येक संबंधित कर्मचाऱ्याला स्वतंत्र लेखी कळवायचं होतं की तुमच्या करारातलं हे कलम रद्द आहे. तुम्ही तेव्हा नोकरीत होता. ते पत्र किंवा ईमेल आलं होतं का, ते आधी शोधा. आलं असेल तर एचआर आज जी धमकी देतंय, ती त्यांच्याच पत्राच्या विरोधात आहे. आलं नसेल तर त्यांनी कायदा मोडलाय. दोन्ही बाबतींत तुमची बाजू बळकट होते.

आता खरा धोका. कंपनी इथे येणार नाही, ती आधी डॅलसच्या कोर्टात मनाई हुकूम मागेल. २००२ मध्ये मिनेसोटाच्या मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की दुसऱ्या राज्यातला खटला थांबवायचे आदेश इथल्या कोर्टाने अशा वेळी देऊ नयेत. म्हणून त्यानंतर कोण आधी कोर्टात पोचतो याला महत्त्व आलं. यावर उपाय म्हणजे कामगार संहितेचं कलम ९२५. मुख्यतः कॅलिफोर्नियात राहून इथेच काम करणाऱ्या माणसावर, १ जानेवारी २०१७ नंतरच्या करारात, नोकरीची अट म्हणून परराज्यातलं कोर्ट किंवा परराज्याचा कायदा लादता येत नाही. मात्र करारातली अशी अट आपोआप रद्द होत नाही, कर्मचाऱ्याने मागणी केली तर रद्द होते. म्हणून ती मागणी लेखी करा, आणि शक्यतो वकिलाच्या पत्राने. सही करताना तुमच्या बाजूने तुमचा स्वतःचा वकील वाटाघाटी करत असेल तर हे संरक्षण मिळत नाही. पण ऑफर लेटर घेऊन वकिलाकडे जाणारा इंजिनिअर मी क्वचितच पाहिलाय.

दुसरं, आणि हे फार गांभीर्याने घ्या. इथे माणसाला अडवता येत नाही, पण कंपनीची गुपितं तो बरोबर नेऊ शकत नाही. गूगलमधून बाहेर पडून उबरकडे गेलेले अँथनी लेव्हांडोव्स्की यांच्यावर सुमारे १४ हजार फाइली उतरवून घेतल्याचा आरोप झाला. उबरने २०१८ मध्ये सुमारे २४.५ कोटी डॉलरचे शेअर देऊन वेमो या गूगलच्याच चालकविरहित गाड्यांच्या कंपनीशी तडजोड केली. लेव्हांडोव्स्की यांनी गुपित चोरीचा एक गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून ते सुटले. तेव्हा स्वतःच्या ईमेलवर कोड पाठवणं, वैयक्तिक ड्राइव्हवर डिझाइनचे कागद ठेवणं, ग्राहकांची यादी फोनमध्ये ठेवणं, यातलं काहीही नको. आधीच काही तुमच्याकडे असेल तर घाईने पुसूनही टाकू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो. वकिलाला सांगून परत करा. आणि राजीनामा देईपर्यंत नव्या कंपनीचं एक ओळही काम करू नका, कारण नोकरीत असताना मालकाशी प्रामाणिक राहण्याचं बंधन इथेही पूर्ण लागू आहे.

व्हिसाबद्दल. नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज दाखल झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तो दाखल झाला की मंजुरीची वाट न बघता तुम्ही तिकडे काम सुरू करू शकता. उलट मध्येच जुन्या कंपनीने काढून टाकलं, तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि त्यातही तुमच्या राहण्याच्या परवानगीची मुदत आधी संपत असेल तर तितकेच.

तुमच्या प्रश्नात बाँडचा, म्हणजे लवकर नोकरी सोडली तर पैसे भरायच्या अटीचा, उल्लेख नाही, पण आपल्याकडच्या कन्सल्टन्सी कंपन्यांच्या करारात तो हमखास असतो म्हणून सांगते. एच-१बीवाल्याने लवकर नोकरी सोडली म्हणून त्याच्याकडून दंड घेणं केंद्रीय नियमांनुसार चालत नाही. व्हिसा अर्जाची फी आणि त्यासाठीच्या वकिलाचे पैसेही मागता येत नाहीत. खरोखरची नुकसानभरपाई आणि दंड यांतला फरक राज्याचा कायदा ठरवतो, आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांत 'सोडलंस तर पैसे भर' या प्रकारावर मोजके अपवाद वगळता बंदीच घातली आहे.

शेवटचा पगार मुकाट्याने सोडू नका. ७२ तास आधी सांगून सोडलं तर शेवटच्या दिवशीच, साठलेल्या सुट्ट्यांच्या पैशांसह, पूर्ण हिशेब मिळायला हवा. न सांगता सोडलं तर ७२ तासांत. जाणूनबुजून अडवला तर रोजच्या पगाराइतका दंड, ३० दिवसांपर्यंत. त्यासाठी लेबर कमिशनरकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि तुमचा व्हिसा कुठला हे तिथे आड येत नाही.

व्हिसाचे केंद्रीय नियम सोडले तर हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे, हे न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा डॅलसमधून वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अशा कलमांवर देशभर बंदी घालणारा केंद्रीय नियम २०२४ मध्ये आला होता, पण लागू होण्याआधीच टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला. मिनेसोटात १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत अशा कलमांवर बंदी आहे, तर फ्लोरिडाने २०२५ मध्ये उलट दिशेने जाऊन ठरावीक पगारावरच्या लोकांना चार वर्षांपर्यंत अडवणारी नॉन-कॉम्पीट कलमं कायदेशीर केली. तुम्ही उद्या सनीवेल सोडून ऑस्टिनला राहायला गेलात तर हेच उत्तर तुम्हाला लागू पडेल असं समजू नका.

नव्या कंपनीपासून करार लपवू नका. ऑफरवर सही करण्याआधी त्याची प्रत त्यांच्या एचआरला द्या आणि जुन्या कंपनीने खटला केला तर तुमच्या वकिलाचा खर्च ते उचलतील का, हे लेखी विचारा. या भागातल्या कंपन्यांना हा प्रश्न नवा नाही. एचआरचं धमकीचं बोलणं तोंडी असेल तर त्याच दिवशी तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आणि पुढचं सगळं ईमेलवर कळवायला सांगा.