क्रियापद आधी हाताला कळू दे

आर्किटेक्चरच्या स्टुडिओत एका क्रियापदावरून मॉडेल करायचंय, तुला ‘दुमडणे’ हा शब्द मिळालाय आणि तू दुमडलेल्या कागदासारखी दिसणारी इमारत काढायला बसलास. थांब. क्रियेचं चित्र नकोय, ती क्रिया साहित्यावर करायची आहे.

सपाट कागद उभा राहत नाही. एक घडी घाल, राहतो. पंख्यासारख्या घड्या घाल, वर वहीही पेलतो. तीच घडी कोरुगेटेड, म्हणजे आत नळ्या असलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर करून बघ. नळ्यांच्या दिशेने निमूट वाकेल, आडवी घातलीस तर चुरगळेल. माउंटबोर्डला, म्हणजे मॉडेलच्या जाड, कडक पुठ्ठ्याला तर आधी अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्यावी लागते, तीही घडीच्या बाहेरच्या अंगाला. (माझ्या पहिल्या कित्येक चिरा चुकीच्या बाजूलाच होत्या.)

शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९६७ च्या सुमारास क्रियापदांची यादीच लिहिली होती. ‘उचलणे’साठी त्यांनी रबराची चादर एका कडेने उचलली, ती तशीच उभी राहिली, खाली पोकळी तयार. इमारतीसाठी आपल्याला तीच पोकळी हवी असते.

एका वेळी एकच साहित्य घे. गोंद शक्यतो टाळ, कारण तो आला की ‘चिकटवणे’ मध्येच घुसतं. आणि फाटलेले नमुने फेकू नकोस, ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम दाखवताना, ते आधी मांड.