७० टक्क्यांचा आकडा नक्की कोणाचा?

स्नेहल, बाबांना सिरोसिस (यकृत निबर होणं), त्यात ४ सेंटीमीटरची कॅन्सरची एकच गाठ, मुंबईचे डॉक्टर यकृत बदलूया म्हणतात आणि म्हापशाचे काका म्हणतात, 'एवढं करून पाचच वर्षं!' आधी काकांचा गैरसमज काढ. पाच वर्षांनी किती जण हयात आहेत याची फक्त मोजणी करतात. शंभरातले साधारण सत्तर तेव्हा हयात असतात आणि त्यातले बरेच पुढेही जगतात. माझ्या दिरांचं प्रत्यारोपण झालं, ते आजही फोंड्याच्या मासळी बाजारात बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालतात.

पण हा आकडा सरसकट सगळ्यांचा नाही. सुरुवातीला मोठमोठ्या गाठींवरही यकृत बदलत, कॅन्सर लगेच उलटे आणि पुष्कळ सर्जननी तो नाद सोडला होता. १९९६ साली इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी निवडक ४८ रुग्णांचे निकाल छापले: एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ पर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नाही, यकृताबाहेर काही नाही. चार वर्षांनी ७५ टक्के हयात. 'मिलान निकष' म्हणतात ते हेच, आणि तू लिहिलंयस त्यावरून बाबांची गाठ आकाराने त्यात बसते. रक्तवाहिनीचं मात्र स्कॅनच्या रिपोर्टमध्ये बघ.

गाठच का कापत नाहीत, हे तू विचारलंयस. मागे राहतं ते यकृत सिरोसिसचंच, त्यात नवी गाठ उगवायला जागा तयारच असते. कापल्यावर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा होतो. मिलानमध्ये बसणाऱ्यांना प्रत्यारोपणानंतर साधारण दहा ते पंधरा टक्क्यांना.

आकाराइतकंच रक्तातलं एएफपी (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) बघ, एकदाचं नाही, चढतंय की उतरतंय ते. हजाराच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी आधी ते खाली आणतात. यकृत मिळेपर्यंत वाट बघायची असली तर टेस करतात, म्हणजे गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडतात. मला वाटतं, त्याला गाठ कसा प्रतिसाद देते यावरून तिचा स्वभाव जास्त कळतो. टेस होऊनही वाढत राहिली तर प्रत्यारोपणाची घाई करू नये.

पहिल्या वर्षी भीती कॅन्सरपेक्षा जंतुसंसर्गाची आणि ऑपरेशनच्या गुंतागुंतीची. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून देतात ते टॅक्रोलिमस हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून पहिली चवथ (गणेशचतुर्थी) घरात गर्दी न करता. कॅन्सर उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. काढलेल्या यकृताचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेव. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी होत्या का हे खात्रीने तिथेच कळतं आणि पुढे स्कॅन किती वेळा करायचे ते बरंचसं त्यावर ठरतं.

आता तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून दिसलं ते. बाबांना आपल्या यकृताचा भाग देणारी दाता तूच होणार आहेस ना? कायद्याने मुलगी जवळची नातेवाईक, त्यामुळे परवानगी सोपी. यकृत काही महिन्यांत बरंचसं भरून येतं, पण दात्याचा धोका शून्य नाही, काही शेकड्यांत एखादा दगावतो. मन तयार नसेल तर दात्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एकटी भेटून सांग. चांगले डॉक्टर घरच्यांना कारण न सांगता 'दाता योग्य नाही' एवढंच कळवतात. आणि तयार असलीस, तर मुंबईला काळजी घेणारी माणसं दोन लागतील, एक बाबांसाठी आणि एक तुझ्यासाठी. आई एकटी दोन्ही खाटांकडे बघेल असं धरून चालू नकोस.