पुण्यात बंगल्याच्या अंगणात हौसेने पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आहेत. अंडी उबवायला छोटं मशीन घ्यावं का? खाद्य काय द्यावं? प्रदर्शनात ठेवायला कोणती जात चांगली?

मशीन घेऊ नका.

पाच-सहा कोंबड्यांच्या हौसेला मशीन लागतंच कशाला? दोन गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणा. अंड्यावर आल्या की त्यातली एखादी पुढेमागे खुडूक बसतेच, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसते. बसली की रात्री तिच्या पोटाखाली दहा-बारा फलित अंडी सरकवायची, पुढचं सगळं ती बघते. अंड्यांच्या धंद्यासाठी तयार केलेल्या पांढऱ्या लेअर कोंबड्या मात्र आणू नका. वर्षाला ३०० अंडी द्यायची म्हणून त्यांची खुडूक बसायची सवयच पैदाशीतून काढून टाकलेली आहे. त्या बसतील म्हणून वाट बघाल तर बघतच राहाल.

आता हे इतकं ठासून का सांगते, ते ऐका. आमच्या घरात या एका विषयावर दोन तट आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही धायरीला राहतो. खाली आम्ही, वरच्या मजल्यावर धाकटे दीर. भाऊजी भोसरीला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. थर्माकोलचं खोकं, दोन बल्ब, थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, झालं मशीन तयार. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांची चितकबरी कोंबडी नेमकी त्याच वेळी खुडूक होऊन जिन्याखालच्या पाटीत बसली होती. सासूबाई म्हणाल्या, "अरे, ही बसलीय की समोर. हिला काय पगार द्यायचाय?" पण भाऊजींना कोंबडीकडून नव्हे, मशीनमधून पिल्लं काढायची होती. सासूबाईंनी चितकबरीखाली टेबलटेनिसचे दोन चेंडू ठेवून दिले आणि तिला बसू दिलं. लोक खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस खुपसतात. आमच्याकडे तसलं काही करत नाहीत.

भाऊजींचं काम नीटनेटकं होतं, हे मी आजही नाकारत नाही. ३७.५ अंशावर काटा. प्रत्येक अंड्याला पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलं की नाही ते कळतं. उन्हाळ्यात पुण्याची हवा इतकी कोरडी की अंड्यातलं पाणी भराभरा उडतं आणि आतली हवेची पोकळी नको तेवढी वाढते, म्हणून आत पाण्याच्या वाट्या. आठवड्याने अंधारात टॉर्चवर धरून रिकामी अंडी बाजूला काढली, अकरा राहिली.

अठरावा दिवस होता. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नसतात, ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. त्या संध्याकाळी वळीव आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुलमोहर आहे, त्याची फांदी तारांवर पडली आणि वीज गेली. भाऊजी आणि जाऊबाई लग्नाला साताऱ्याला. फोनवर म्हणाले, "वहिनी, उघडू नका. थर्माकोल आहे, ऊब टिकते." तासभर टिकते, मान्य. आमचा इन्व्हर्टरही तेवढाच टिकला. रात्री नवाच्या सुमाराला आतला काटा ३० च्या खाली आला होता आणि तारा जोडायला कोण येणार, कधी येणार, कुणाला पत्ता नाही.

थोडा गारठा अंडं सोसतं. कोंबडी स्वतःच रोज दाणापाण्याला, धुळीत लोळायला उठते, तेवढा वेळ अंडी उघडीच असतात. शेवटच्या दिवसांत तर आतलं पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरून असतं. पण रात्रभर? सासूबाई म्हणाल्या, "उचल आणि घाल तिच्याखाली. अंधार आहे ते बरंच आहे."

ओढणीत अंडी घेऊन मी जिन्याखाली बसले. सासूबाईंनी मोबाइलच्या टॉर्चवर बोटं धरली होती, बोटांतून लालसर उजेड येईल तेवढाच. आधी धुपाच्या कोळशाने प्रत्येक अंड्यावर एक रेघ ओढली. दुसरी एखादी कोंबडी पाटीत येऊन ताजं अंडं घालून गेली तर उबवणीचं कुठलं हे कळायला हवं ना. मग चेंडू काढले आणि हात चितकबरीच्या पोटाखाली घातला. खुडूक कोंबडी छातीची पिसं झाडते, उघडी कातडीच अंड्याला टेकते. तिथे हात लागला की दचकायला होतं, इतकी ती गरम असते. तिने माझ्या मनगटावर दोन सणसणीत चोची मारल्या. मी पहिलं अंडं पुढ्यात ठेवलं, तर मान लांब करून चोचीखालून ते तिनेच आत ओढलं. मग दुसरं. पुढची मला सरकवावीसुद्धा लागली नाहीत.

पुढे पाटीला कान लावला की अंड्यातून चिवचिव यायची आणि वरून कोंबडीचं खालच्या पट्टीतलं 'कुडुक'. एकविसाव्या दिवशी काही नाही. बाविसाव्या दिवशी अकरातली नऊ पिल्लं निघाली.

भाऊजी आले, पाटीतून कवचाचा तुकडा उचलला. त्यावर पेन्सिलची फुली. "बघा वहिनी, मशीनची पिल्लं." त्याच तुकड्यावर कोळशाची रेघ होती, ती त्यांना दिसली नाही. तेव्हापासून त्यांचं गणित ठरलेलं आहे: २१ पैकी १८ दिवस मशीन, म्हणजे ८५ टक्के श्रेय मशीनचं. एक दिवस उशीर झाला तो कोंबडीमुळे, असंही ते म्हणतात.

माझं उत्तर इथे लिहून ठेवते. उबवणीत मरतूक दोनदा वर जाते, पहिल्या काही दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत. मधले दिवस त्या मानाने सोपे असतात. शेवटी पिल्लाला अंड्यातल्या अंड्यात फुप्फुसाने श्वास घ्यायला लागायचं असतं, उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो, कवच फोडायचं असतं. या तीन दिवसांत मशीन गार पडलं होतं. आणि उशीर गारठ्याने होतो, हे कोणत्याही हॅचरीवाल्याला विचारा.

एवढ्यावर मिटलं असतं. पण त्या नवातला एक कोंबडा असा निघाला की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. तांबूस अंग, काळी हिरवट शेपटी, ताठ तुरा. तालुक्याला एक कृषी प्रदर्शन होतं, त्यात ठेवायचं ठरलं. तयारी कुणी केली? मी. प्रदर्शनाच्या आधी दोनेक आठवडे त्याला रोज थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवायचं, हातावर दाणे द्यायचे, काठीने हलकेच छातीला स्पर्श करायचा, म्हणजे परीक्षक समोर आला की पक्षी कोपऱ्यात दबत नाही, ताठ उभा राहतो. आंघोळ आदल्या दिवशी घालू नका, दोन-तीन दिवस आधी घाला. पिसांवरचं नैसर्गिक तेल परत यायला तेवढे दिवस लागतात. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, मग दोनदा साध्या पाण्यात बुडवून काढायचा. साबण राहिला तर पिसं चिकटतात. पायाचे खवले जुन्या टूथब्रशने घासायचे, खवल्यांत अडकलेली घाण लांबूनही दिसते. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं नुसतं बोट. मी त्याला टॉवेलात गुंडाळून उन्हात मांडीवर घेऊन बसले होते, तो तिथेच झोपला.

दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर नाव भाऊजींचं, कारण फॉर्म त्यांनी भरला होता. पिंजऱ्यावरच्या कार्डावर 'घरगुती उबवणी यंत्राद्वारे' असं छान अक्षरात लिहिलेलं. ते प्रमाणपत्र फ्रेम होऊन वरच्या हॉलमध्ये लागलंय. आलागेला बघतो, जाऊबाई चहा आणतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. तेव्हा प्रदर्शनात ठेवणार असाल तर फॉर्म स्वतः भरा. रोज कोंबड्यांची शीट काढणाऱ्याचं नाव त्यावर पाहिजे.

जातीचं विचारलंत. ब्रह्मा, सिल्की पुण्यात हौशी लोकांकडे मिळतात, दिसायला देखण्या. पण ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात, आपल्या पावसाळ्यातल्या चिखलात त्यांचा लगदा होतो. सिल्की मात्र अंड्यांवर बसायला एक नंबर, तिला पाच बोटं आहेत का तेवढं बघून घ्या. कडकनाथची फॅशन आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून रस्तोरस्ती काळी कोंबडी 'कडकनाथ' झाली. तुरा आणि जीभ बघा, दोन्ही काळपट हवेत. कडकनाथ काळी अंडी देते असं सांगणारा भेटला तर तिथून उठून या. असील रुबाबदार, पण दोन नर एकत्र ठेवलेत तर रक्तच निघेल. आमच्याकडच्या प्रदर्शनांत बहुधा तब्येत, ठेवण, तुकतुकी बघतात, तिथे चांगला गावरान कोंबडाही मागे पडत नाही. पुरावा वरच्या हॉलमध्ये आहे.

खाद्य. पिल्लांना चिक स्टार्टर, साधारण २० टक्के प्रथिनं असलेला. अंडी सुरू झाली की लेअर मॅश, पक्ष्यामागे दिवसाला ११०-१२० ग्रॅम. अंगणात फिरून किडे-गवत खाणाऱ्या गावरानला थोडं कमी चालतं. लेअर मॅश पिल्लांना घालू नका, त्यात कवचासाठी चुना जास्त असतो, त्याने पिल्लांची मूत्रपिंडं जातात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाते. संध्याकाळी मूठभर बाजरी किंवा ज्वारी, कोंबड्या आपोआप खुराड्याकडे येतात. पावसाळ्यात मक्याला, शेंगदाणा पेंडीला जरा जरी बुरशीचा वास आला तरी फेकून द्या, ते विष आहे. शिळी आमटी, चिवडा, खारे दाणे टाकू नका. घरातलं उरलंसुरलं खपवायला कोंबड्या पाळणाऱ्यांवर माझा राग आहे.

एप्रिल-मेमध्ये अंड्याचं कवच पातळ झालं तर लगेच खाद्यवाल्याला शिव्या देऊ नका. उन्हाने कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. सावली, माठाचं पाणी, खुराड्यावर ओलं गोणपाट.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. पिल्लं कशातूनही काढा, निम्मे कोंबडे निघणार. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे भाऊजींनी अंडी निवडताना लावलेलं शास्त्र साफ खोटं आहे. त्या कोंबड्यांचं काय करणार ते आधी ठरवा. पहाटे चारला आरवायला लागले की शेजारी तुमच्या दारात येणार. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस टाळू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात-नाकात थेंब, पुढे सहा-आठ आठवड्यांनी आरटूबी लस टोचून. लस औंधातच तयार होते, पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. आसपासचे दोन-चार हौशी गाठा आणि एकाच दिवशी करून घ्या. खुडूक कोंबडीच्या अंगावर उवा असतील तर त्या पिल्लांवर जातात, बसवण्याआधी पिसं उलटी करून बघा. पाटीवर जाळी हवीच, धायरीच्या बाजूला मुंगूस दिवसाढवळ्या फिरतं. आणि एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो देशातला पहिला. तेव्हापासून यात हयगय नको.

एवढं वाचूनही मशीन घ्यायचंच असेल, किंवा वर्षभर एकही कोंबडी खुडूक बसली नाही, तर पंख्याचं घ्या, बिनपंख्याच्या खोक्यात वर गरम आणि खाली गार राहतं. पहिले अठरा दिवस ओलावा ५०-५५ टक्के, पुढे ६५-७०. त्याला वेगळा इन्व्हर्टर लागतो, घरातल्या पंख्याच्या इन्व्हर्टरवर भागत नाही. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत, फ्रिजमधली तर नकोतच. आणि अंड्यांवर खुणा पेन्सिलनेच करा, स्केचपेनची शाई कवचातून आत उतरते.